रेषांचा ताळा

वृषभ राशीच्या दिशेला, पृथ्वीपासून ४०० हून अधिक प्रकाशवर्षे अंतरावर, वायू व धूलिकणांचा एक काळोखा मेघ आहे. खगोलशास्त्रज्ञ त्यास टीएमसी-१ म्हणतात. तेथील तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. डोळ्यांना तेथे केवळ अंधार दिसतो. रेडिओ दुर्बिणीला मात्र कार्बनी रेणूंचे भांडार आढळले आहे.

हे कळते कसे? रेणू स्वतःभोवती फिरत असतो आणि त्याच्या फिरण्याचे टप्पे ठरलेले असतात. वरच्या टप्प्यावरून खाली उतरताना तो ठरावीक वारंवारतेची रेडिओ लहर सोडतो. दुर्बिणीच्या नोंदीत ती रेषेच्या रूपाने उमटते. प्रयोगशाळेत मोजलेल्या वारंवारतांशी ती ताडून पाहतात. १९६९ साली लुईस स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील दुर्बिणीने याच मार्गाने अवकाशातील फॉर्माल्डिहाइड शोधले.

परंतु एक रेषा जुळली म्हणजे रेणूची ओळख पटली, असे नव्हे. रोजमेळात पाचशे रुपये जमा दिसले, एवढ्यावरून ती रक्कम अमक्याच गिऱ्हाइकाच्या नावे खतावता येत नाही. रेणूच्या अपेक्षित रेषा सर्व सापडाव्या लागतात. त्यांची तीव्रता मेघाच्या तापमानाशी सुसंगत असावी लागते. आणि त्या साऱ्यांवरून मेघाची गती एकच निघावी लागते.

या कसोटीचे महत्त्व ग्लायसिनच्या प्रकरणात दिसून आले. प्रथिनांचा घटक असलेला हा रेणू ताऱ्यांच्या जन्मस्थानी असलेल्या उष्ण मेघांत सापडल्याचे २००३ साली जाहीर झाले. पुरावा २७ रेषांचा होता. मात्र उष्ण मेघांत असंख्य रेणूंच्या रेषांची दाटी असते. योगायोगाने जुळणाऱ्या रेषाही तेथे मिळतात. २००५ साली स्नायडर यांच्याच गटाने फेरतपासणी केली, तेव्हा ओळखीसाठी अत्यावश्यक अशा काही रेषा आढळल्याच नाहीत. दावा टिकला नाही.

थंड मेघांत रेषा अतिशय बारीक व सुट्या असतात, म्हणून तेथील ताळा अधिक भरवशाचा असतो. तरीही अडचण उरतेच. बेंझिनसारखा सममित रेणू रेडिओ लहरी सोडतच नाही. त्यास कार्बन-नायट्रोजनची जोडी चिकटली, की तो बेंझोनायट्राइल होतो आणि त्याचा संकेत मिळू लागतो. ब्रेट मॅकग्वायर यांच्या गटाने २०१८ साली ग्रीन बँकच्या १०० मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टीएमसी-१ मध्ये हा रेणू निश्चित केला. २०२४ साली त्याच मेघात चार कड्यांचा सायनोपायरिनही सापडला. ताऱ्यांच्या जन्माआधीच, एवढ्या गारठ्यातही, कार्बनची गुंतागुंतीची रचना घडत असावी, असे त्यातून सूचित झाले.

अवकाशातील ज्ञात रेणूंची संख्या आता ३०० च्या पुढे गेली आहे. आंतरतारकीय मेघांच्या त्या यादीत ग्लायसिनची नोंद अद्याप झालेली नाही. शोध मात्र चालूच आहे.