जुन्या गाडीचं दुखणं ऑक्टेनचं नाही

पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० जिवापाड जपणारे अनेक जण पंपावर आवर्जून महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मागतात. गाडी म्हातारी झाली, तिला सकस खुराक हवा, हा त्यामागचा हिशेब. पण ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण वेळेआधी आपोआप भडकू न देण्याची इंधनाची क्षमता तेवढी त्या आकड्यातून कळते. दाब जितका जास्त, तितकी या क्षमतेची गरज मोठी. कुर्ल्यात तयार झालेल्या पद्मिनीचं किंवा ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर सात-आठच्या घरातलं. आजच्या अनेक इंजिनांत ते दहाच्या पुढे असतं. या जुन्या गाड्या रस्त्यावर होत्या तेव्हा पंपांवर साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं मिळे. आज साध्या पेट्रोललाही किमान ९१ लागतो, आणि वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला ९५. म्हणजे या इंजिनांना हवं त्याहून जास्त ऑक्टेन न मागताच टाकीत पडतंय. त्यावर आणखी पैसे मोजून पिकअप वाढत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की घाट चढताना इंजिन खडखडतं आणि महाग पेट्रोल भरलं की आवाज थांबतो. थांबतो, हे खरं. पण खंबाटकीत वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली, टायमिंग पुढे गेलं असलं किंवा पिस्टनच्या डोक्यावर कार्बनचा थर साचला असला, की खडखड होणारच. कार्बनमुळे दाब वाढतो आणि त्याचे तापलेले कण ठिणगीआधीच मिश्रण पेटवतात. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग मागे घेणं किंवा हेड उतरवून कार्बन खरवडणं हे त्याचं खरं औषध. महाग पेट्रोलने दुखणं नुसतं झाकलं जातं. त्या पेट्रोलमधली सफाईची द्रव्यं उपयोगी असतीलही, पण त्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेल्या हौशी गाड्यांची गोष्ट अर्थात वेगळी.

खरी काळजी करायची ती इथेनॉलची, आणि तिची चर्चा ऑक्टेनच्या गोंगाटात हरवते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरचा जेट मात्र ठरल्या मापानेच पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं, गाडी थंडीत अडखळते, इंजिन जास्त तापतं. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात नि चिरतात. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत इथेनॉल हवेतली ओल शोषतं, मग पाणी टाकीच्या तळाशी बसून गंज धरतो. तेव्हा प्रीमियमला जाणारे पैसे नव्या पाइपांवर, इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रामवर आणि एक-दोन आकडे मोठ्या जेटवर घालावेत.

आपल्या ऊसपट्ट्याला इथेनॉलने आधार दिला आहे, आयातीचं परकीय चलनही वाचतं. त्याला विरोध करण्याचं कारण नाही. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या वाहनांसाठी दहा टक्के मिश्रणाचं पेट्रोल उपलब्ध ठेवण्याची शिफारस होती. ऑक्टेनचे वाढते आकडे झळकवणाऱ्या कंपन्यांनी मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर तरी त्याची एक नळी ठेवावी आणि मिश्रणाची टक्केवारी तिच्यावर ठळक लिहावी.