जादूची चादर ओळखायची कशी?

आमच्या वर्गातली पोरं भुईकोट किल्ल्याचा नकाशा काढून साहसाचा खेळ खेळतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, संकट आलं की फासा टाकायचा. याचं मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला.

परवा बुरुजाखाली चादर सापडली. सोलापुरात चादर सापडली यात नवल ते काय! पण ही जादूची. मी लगेच सांगून टाकलं, ‘पांघरली की माणूस दिसेनासा होतो.’ झालं, गंमतच गेली! पुढच्या डावात १०० मोहरांशिवाय काही सांगायचं नाही असं ठरवलं, तर पोरांनी वस्तू पिशवीत कोंबल्या अन् विसरून गेली.

मूळ खेळात ओळखमंत्राला १०० सुवर्णनाण्यांचा मोती लागतो. २०१४ च्या नियमांत मंत्राशिवायही सोय आहे : वस्तू हाती धरून तासभर विसावा घ्या, गुण कळतात. शाप मात्र बहुधा लपूनच राहतो. हे मला फार आवडलं!

आता आमचा नियम : वस्तू ओळखायला एक डाव गमवायचा. शाप असेल, तर सांगणाऱ्यानं आधी खूण द्यायचीच, नाहीतर ती फसवणूक.

काल चादर पुन्हा निघाली, शेंगांच्या फाटक्या पोत्याजवळ. एक पोरगी म्हणाली, ‘गुरुजी, उंदरांनी पोतं कुरतडलं, मग चादरीला तोंड का नाही लावलं?’

मी गप्प. तिनं चादर पांघरली नाही.