नरवंध्य वाण आणि तंतुकणिकांतील प्रथिने

पेशीतील सूक्ष्म अंगके वेगळी काढावयाची व त्यांतील एकेक प्रथिन ओळखावयाचे, हा विद्वानांच्या हौसेचा उद्योग आहे, शेतकऱ्यास त्याच्याशी काय कर्तव्य, असे पुष्कळदा म्हटले जाते. आमचे मत याच्या उलट आहे, आणि त्यास मक्याच्या पिकाचा आधार आहे.

संकरित मक्याचे बी तयार करताना मादी ओळींचे तुरे उपटावे लागत. अमेरिकेतील टेक्सास राज्यात आढळलेल्या नरवंध्य पेशीद्रवामुळे ही मजुरी वाचली. त्या मक्याच्या तुऱ्यात कार्यक्षम पराग तयारच होत नाही. ही सोय एवढी मोठी वाटली की १९७० सालापर्यंत त्या देशातील सुमारे ८५ टक्के मका या एकाच पेशीद्रवाचा झाला. त्याच वर्षी करप्याच्या बुरशीचा नवा प्रकार पसरला व सुमारे १५ टक्के पीक बुडाले. हे पेशीद्रव करप्यास लवकर बळी पडते, असे फिलिपाईन्समध्ये १९६१ सालीच आढळले होते. परंतु ते कोणी फारसे मनावर घेतले नाही.

बुरशी याच मक्यावर का उठली, याचा उलगडा तंतुकणिकांत झाला. तंतुकणिका ही पेशीला शक्ती पुरविणारी अंगके असून ती मातृवाणाकडून बियाण्यात उतरतात. १९७८ साली फोर्ड, ऑलिव्हर व लीव्हर या संशोधकांनी साध्या व नरवंध्य मक्याच्या तंतुकणिका अलग केल्या, त्यांना किरणोत्सर्गी अमिनो आम्ल पुरविले आणि त्यांत घडलेली प्रथिने आकारमानाप्रमाणे विलग केली. टेक्सास पेशीद्रवाच्या मक्यात सुमारे १३,००० रेणुभाराचे एक जादा प्रथिन दिसले. १९८६ साली त्याचे जनुकही सापडले. हे प्रथिन तंतुकणिकेच्या आतील पटलात असते. बुरशीचे विष त्यास चिकटले की पटलास छिद्रे पडतात व पेशीचा शक्तिपुरवठा खुंटतो. नरवंध्यत्वाचा संबंधही याच प्रथिनाशी आहे! ज्या गुणासाठी वाण पत्करला, त्याच्याच पोटी रोग होता.

हे काम सोपे नाही. हिरवी पाने वाटून केंद्रोत्सारी यंत्रात फिरविली तर तंतुकणिकांबरोबर हरितलवकांचे तुकडेही येतात, आणि शेजाऱ्याचा माल आपल्या खाती जमा होतो. म्हणून पुष्कळदा अंधारात वाढविलेली पिवळी रोपे घेतात. हल्ली वस्तुमान-वर्णपटमापक यंत्राने एका नमुन्यातून शेकडो प्रथिने ओळखता येतात. तथापि नमुना भेसळीचा असेल तर यादीही भेसळीचीच निघणार.

आपल्याकडे १९६४ सालची सीएसएच-१ ही संकरित ज्वारी व १९६५ सालची एचबी-१ ही बाजरी नरवंध्य वाणांवरच उभी राहिली, आणि या पिकांचे संकरित बियाणे आजही मुख्यतः मोजक्याच पेशीद्रवांवर अवलंबून आहे. बाजरीवरील गोसावी रोगाचा दोष मात्र पेशीद्रवास देऊ नये. तसा संबंध चाचण्यांत दिसलेला नाही.

सबब, प्रसारित होणाऱ्या प्रत्येक नरवंध्य वाणाच्या तंतुकणिकांतील प्रथिने त्याच्या संधारक वाणाशी ताडून पाहावीत व फरकाची नोंद कृषी विद्यापीठांनी ठेवावी. प्रत्येक जादा प्रथिन घातक असते असे नव्हे, आणि अशा नोंदीने १९७० सालचा करपा टळलाच असता असेही आम्ही म्हणत नाही. परंतु रोगाच्या चाचण्या कोणत्या वाणावर आधी घ्यावयाच्या, हे तरी बियाणे गावोगाव पोहोचण्यापूर्वी ठरविता येईल.