बेटावरचे बिऱ्हाड

आर्वीचे एक मास्तर विचारतात : वृद्ध आई, पत्नी व दोन मुलांसह अंदमानला जायचे आहे, रजा आठ दिवसांची, पैसा बेताचा. मुक्काम कोठे करावा? आईंना सावरकरांची कोठडी पाहावयाची आहे, मुलांना समुद्र. पत्नीचे मन मात्र हॅवलॉकच्या किनाऱ्यावरील झोपड्यांत गुंतले आहे.

बिऱ्हाड पोर्ट ब्लेअरलाच करावे, आणि तेही अबर्डीन बाजाराच्या आसपास. (२०२४ पासून या गावाचे नाव श्रीविजयपुरम, तर २०१८ पासून हॅवलॉकचे स्वराज द्वीप.) विमानतळाजवळची खोली स्वस्त पडेलही, पण वाचलेला पैसा रिक्षावाल्याच्या खिशात जाईल! बाजारातून बस मिळते, इडली-डोसा मिळतो, औषधांचे दुकानही हाकेच्या अंतरावर. सेल्युलर जेल तर अगदी जवळ. त्याच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत. १९११ ते १९२१ या काळात सावरकर जेथे होते, ती कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर. आईंनी सकाळी उन्हाआधी सावकाश जिने चढावेत, दुपारी खोलीवर पाठ टेकावी आणि संध्याकाळी पुन्हा अंगणात बसून प्रकाश-ध्वनीचा खेळ पाहावा. दोन खेपा व्हायच्या तर उतारा जवळच हवा.

शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंदमान वर्ध्याच्या पूर्वेस सुमारे १४ अंश. घड्याळ मात्र एकच. म्हणजे सूर्य तेथे जवळजवळ तासभर आधी. हिवाळ्यात पाच वाजून गेले की अंधारू लागते. मग निर्जन किनाऱ्यावर मुलांना घेऊन करायचे काय?

चेन्नईहून बोटीने तीन दिवस लागतात, तेव्हा ती नकोच. सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नई व पुढे विमान, असे केल्यास बेटांवर पाच रात्री मिळतात. दोन पोर्ट ब्लेअरला, मधल्या दोन हॅवलॉकला, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र वहिनींच्या आग्रहाखातरही हलवू नये. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि विमान कोणासाठी थांबत नाही. दिवाळीच्या सुटीत तिकडे पाऊस-वादळाचे भय असते. रजा जानेवारीत मिळाली तर उत्तम.

हॅवलॉकला राधानगरऐवजी गोविंदनगरच्या बाजारात उतरावे. धक्का जवळ पडतो. फिनिक्स बे धक्क्यावरून सुटणारी सरकारी बोट खाजगीपेक्षा स्वस्त, पण तिकिटे लवकर संपतात. बोटीत पोट डचमळते, म्हणून आईंच्या पिशवीत आवळासुपारी असू द्यावी.