चांदीचे पाणी आणि दाव्यांचा मुलामा

चांदीविषयी आपल्या समाजाच्या मनात असलेला पवित्र भाव जुना आहे. देवाची प्रभावळ चांदीची, पालखीवरचा पत्रा चांदीचा, तान्ह्या मुलाला दूध पाजण्याचे बोंडलेही ऐपतीप्रमाणे चांदीचेच. अशा समाजाला कोणी चांदीच बाटलीत भरून 'ही सर्व रोगांवर चालते' असे सांगितले, तर त्याच्या शब्दावर सहज विश्वास बसणार हे उघड आहे. म्हणूनच 'कोलॉयडल सिल्व्हर' या नावाने विकल्या जाणाऱ्या द्रावणावरून पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, जो वाद गेली काही दशके चालू आहे त्याची दखल घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. आज हे द्रावण ऑनलाइन दुकानांतून आपल्याही उंबरठ्यावर येऊन पोहोचले आहे.

कोलॉयडल सिल्व्हर म्हणजे चांदीचे डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म कण तरंगत ठेवलेले पाणी. चांदी जंतुनाशक आहे, हे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. लायप्त्सिकच्या कार्ल क्रेडे या प्रसूतितज्ज्ञाने 1881 साली नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच्या प्रसूतिगृहातील अर्भकांच्या नेत्ररोगाचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली आले. भाजलेल्या जखमांवर लावण्याचे सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम 1968 पासून वैद्यकाच्या उपयोगात आहे. या उपकारांचे श्रेय चांदीला दिलेच पाहिजे.

परंतु येथे एक भेद विसरला जातो. हे सारे उपयोग शरीराच्या बाहेरचे आहेत. जखमेवर लावलेली चांदी जंतूंना थेट भिडते; प्यालेल्या चांदीची गाठ मात्र शरीरातील क्षारांशी आणि प्रथिनांशी पडते व ती त्यांच्याशीच बांधली जाते. शरीराच्या कोणत्याही व्यापाराला चांदीची गरज असल्याचे आजवर आढळलेले नाही. परीक्षानळीत जंतू मेले म्हणून माणसाच्या रक्तातही मरतील, हा तर्क मान्य करायचा तर चुलीतील निखाराही औषध ठरेल!

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 साली नियम करून जाहीर केले की, कोलॉयडल सिल्व्हर वा चांदीचे क्षार असलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकली जाणारी औषधे सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. तरीही विक्री थांबली नाही. कारण 1994 च्या कायद्याने तेथे 'पूरक आहार' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना विक्रीपूर्व मान्यतेची अट नाही. औषधाच्या दाराने अडविलेली बाटली आहाराच्या दाराने आत आली.

सुरक्षिततेचा प्रश्न मुख्यतः मात्रेचा आहे, हे पुरस्कर्त्यांचे दुसरे म्हणणेही तपासून पाहू. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने चांदीची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे 0.005 मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला 0.3 मिलिग्रॅम. लिटरमागे दहा मिलिग्रॅम चांदी असलेल्या द्रावणाचा एक चमचा घेतला तर पोटात 0.05 मिलिग्रॅम जाते. ही मात्रा मर्यादेच्या आत आहे. पण लिटरमागे पाचशे मिलिग्रॅम चांदी असेल, तर तोच चमचा मर्यादेच्या आठपट भरतो. घरी विजेची बॅटरी व चांदीच्या तारा वापरून द्रावण करणाऱ्याला त्यात किती चांदी उतरली, हे कोण सांगणार? त्यातच चांदी शरीरातून पूर्णपणे बाहेर पडत नाही. ती वर्षानुवर्षे साठत जाते. काही दिवसांच्या चाचणीत अपाय दिसला नाही, एवढ्यावरून वर्षांच्या सेवनाची हमी मिळत नाही.

साठलेल्या चांदीवर प्रकाशाचा परिणाम छायाचित्राच्या फिल्मवर व्हावा तसा होतो आणि कातडी निळसर-राखी पडते. या विकारास 'अर्जायरिया' म्हणतात. मॉन्टाना राज्यातील राजकारणी स्टॅन जोन्स यांनी 2000 सालच्या संगणकीय गोंधळात प्रतिजैविकांचा तुटवडा पडेल या भीतीने 1999 पासून घरीच केलेले हे द्रावण घेतले. 2002 साली ते सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले तेव्हा त्यांच्या निळ्या पडलेल्या चेहऱ्याची बातमी जगभर झाली. या विकाराने माणूस सहसा मरत नाही, हे खरे. पण तो रंग जन्माचा सोबती होतो. शिवाय थायरॉइडवरील थायरॉक्सिन आणि काही प्रतिजैविके यांचे शोषणही चांदीमुळे घटू शकते.

आमच्या मते याहून मोठा धोका विलंबाचा आहे. ज्याला क्षय वा कर्करोग झाला आहे तो चांदीच्या पाण्यावर महिने घालवील, तर गेलेला काळ कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही. मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीचा लाभ घेऊन उपचाराचे दावे करणाऱ्या सात विक्रेत्यांना अमेरिकन शासनाने इशारापत्रे दिली. त्यांत दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक जिम बेकर यांच्या कार्यक्रमाचा समावेश होता. मिसुरी राज्याने त्यांच्यावर खटला भरला आणि 2021 च्या तडजोडीनुसार सुमारे 1 लाख 56 हजार डॉलर ग्राहकांना परत करणे त्यांना भाग पडले. भीती जेथे दाटते तेथे असा व्यापार फोफावतो, मग तो देश कितीही प्रगत असो.

आपल्याकडे कोणी या द्रावणाला रौप्यभस्माचा आधार देऊ पाहील. तो आधार लंगडा आहे. भस्म ही वेगळ्या प्रक्रियेने सिद्ध होणारी वेगळी वस्तू आहे. तिची परीक्षा तिच्याच पुराव्यावर व्हावी आणि तिच्या प्रतिष्ठेवर परक्या बाटलीने जगू नये. मिठाईवरील चांदीच्या वर्खाच्या शुद्धतेचे नियमही आपण 2016 साली केले. मग पोटात नित्य घ्यावयाच्या द्रावणाबाबत ढिलाई का?

कर्करोग, मधुमेह आदी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा देशात 1954 पासून आहे. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑनलाइन विक्रीतील अशा दाव्यांवर नजर ठेवावी, बाटल्यांतील चांदीचे प्रमाण तपासावे आणि निष्कर्ष लोकांसमोर मांडावेत. डॉक्टरांनी आणि वैद्यांनीही रुग्ण काय काय घेतो, हे न रागावता विचारून घ्यावे. रागावले की रुग्ण ते लपवितो.

वाचकांना आमचे सांगणे एवढेच आहे: कोणतेही औषध घेताना त्याची मात्रा किती, त्याने कोणता रोग बरा झाल्याचा पुरावा कोठे आणि अपाय झाल्यास उत्तरदायी कोण, हे तीन प्रश्न विचारावेत. चांदीच्या पाण्याचे विक्रेते यांपैकी एकाचेही समाधानकारक उत्तर देऊ शकलेले नाहीत. तोवर चांदीचे स्थान देवघरात आहे, पोटात नव्हे.