दार लावून खेळायचा खेळ

वाचकहो, दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळांचे लेकी-भाच्यांकडे जाणे होते. पवनाकाठचे पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले आणि शेतांच्या जागी उंच इमारती उठल्या. अशा ठिकाणी राहणारा भाचा एखादे दिवशी म्हणेल, "मामा, चला, भुताची एस्केप रूम दाखवतो."

घाबरू नका. हा खेळ 2007 साली जपानातील क्योतो शहरात सुरू झाला. चार-सहा जणांना एका सजविलेल्या खोलीत सोडतात. साधारण 60 मिनिटांत कोडी सोडवून बाहेर पडायचे. भिंतीवरचे घड्याळ, जुने पत्र, एखादे चित्र यांत आकडे दडलेले असतात. ते जुळले की कुलूप उघडते. शिक्षण लागत नाही, नजर लागते. जे सापडेल ते मोठ्याने सर्वांना सांगा. ओढाताण करू नका. अडलात तर विचारा. बाहेर बसलेला माणूस कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि खूण सांगतो.

नवख्यांच्या खोलीतली भीती बेताची असते. मंद उजेड, करकरणारे दार, अचानक येणारा आवाज. रात्रीच्या विजेवर एकट्याने पाणी धरणाऱ्याला तिचे काय? मात्र काही ठिकाणी माणूसच भूत होऊन अंगावर येतो, तेव्हा आधी विचारून घ्या. हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर बाईने, कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी बाहेर थांबावे. त्यात कमीपणा नाही.

आता महत्त्वाचे. 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधील कोशालिन गावी वाढदिवसासाठी गेलेल्या 15 वर्षांच्या पाच मुली अशाच खोलीत आग लागून गेल्या. त्यांना बाहेर पडता आले नाही.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. दार आतून उघडते काय? वीज गेली तर कुलूप आपोआप सुटते काय? बाहेर पडायची दुसरी वाट कोठे आहे? चांगला चालक दार स्वतः उघडून दाखवील. तो टाळाटाळ करू लागला, तर पोरे कितीही रुसली तरी मागे फिरा. त्यांची समजूत भेळीवरही निघेल.

दार उघडते अशी खात्री झाली, की मग खुशाल आत जा आणि पोटभर घाबरा.