विश्लेषण : लठ्ठ मुले ‘किती’ झोपतात याइतकेच ‘कधी’ झोपतात हे का महत्त्वाचे?

मुलाचे वजन वाढले की घरात आधी वडापाव आणि मोबाइलकडे बोट दाखवले जाते. झोपेचे वेळापत्रक मात्र सहसा कुणी विचारत नाही.

झोप उशिरा का येते?
अंधार पडल्यावर शरीरात मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि झोप येते. वयात येताना ही वेळ पुढे सरकते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप न येणे हा हट्टच असतो असे नाही. मोबाइलचा प्रकाश ती आणखी लांबवतो. शाळा मात्र सकाळी सातची असते.

साखरेशी संबंध काय?
मेलाटोनिन जास्त असताना स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते. अशा वेळी खाल्ले तर रक्तातील साखर जास्त चढते. लठ्ठपणात पेशी इन्सुलिनला आधीच नीट प्रतिसाद देत नाहीत. पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका वाढतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये लठ्ठपणा आणि पीसीओएस असलेल्या किशोरवयीन मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उठल्यानंतरही ज्यांच्या शरीरात मेलाटोनिन जास्त वेळ टिकून होते, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम कमी दिसला. अर्थात हा संबंध आहे. त्यातून कारण सिद्ध होत नाही.

रविवारी झोप भरून निघते?
तासांची तूट थोडी भरते, पण घड्याळ बिघडते. शाळेच्या दिवशी 12 ते 6 आणि रविवारी दीड ते साडेनऊ झोपणाऱ्या मुलाच्या झोपेचा मध्य अडीच तासांनी सरकतो. भारत आणि सौदी अरेबियाच्या वेळेत तेवढाच फरक आहे. म्हणजे दर आठवड्याला तिकडे जाऊन परत येण्यासारखेच.

शाळेची वेळ बदलली ना?
महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश काढला. पण घड्याळ पुढे सरकते ते त्यानंतरच्या वयात. कॅलिफोर्नियात जुलै 2022 पासून बहुतेक हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करता येत नाहीत.

घरी काय करता येईल?
तेरा ते अठरा वयात 8 ते 10 तास झोप हवी. सुटीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार बदलू नये. सकाळी उन्हात जावे, रात्री उशिराचे खाणे टाळावे. आहार आणि व्यायामाला हा पर्याय नाही. पण शाळेची वेळ मुलाच्या हातात नसते. त्यामुळे ‘आळशी’ म्हणण्याआधी वेळापत्रक तपासलेले बरे.